न डळमळणाऱ्या राज्याची प्रजा

शास्त्रपाठ : मत्तय २५:१–१३, मत्तय २६:३६–४६, इब्री १२:२५–२९

प्रभूने आपल्या शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, तीत दुसरी विनंती देवाचे राज्य यावे अशी आहे. ही विनंती आपण बोलायला लागल्यापासून करीत आलो. उपासनामंदिरात करतो, निजण्यापूर्वी करतो, कबरेच्या काठाशी उभे राहून करतो. इतक्या वेळा उच्चारलेले शब्द पुढे आपोआप जिभेवर येतात आणि मन दुसरीकडे असले तरी चालते. माझेही तसेच होत असे. तीन वर्षांपूर्वी लखनौच्या दक्षिणेकडील तेलीबाग नावाच्या वस्तीत, एका लहानशा खोलीत, हेच शब्द माझ्या घशात अडकले. ती हकीकत सांगितल्यावाचून आजच्या शास्त्रपाठावर मला प्रामाणिकपणे काही लिहिता येणार नाही, म्हणून आधी ती सांगतो. तीत माझी चूक आहे आणि तीही सांगतो.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, गेली कित्येक वर्षे लखनौत आहे. दाजी रेल्वेत होते. मानकनगर येथे रेल्वेची आर.डी.एस.ओ. ही संशोधन व मानके ठरवणारी मोठी संस्था आहे. तिच्या सिग्नल विभागात त्यांची बदली झाली आणि नगर जिल्ह्यातील हे कुटुंब उत्तरेकडे गेले, ते तिकडेच राहिले. निवृत्तीनंतर त्यांनी तेलीबागेत दोन खोल्यांचे घर घेतले. एका बाजूला लष्कराची छावणी, दुसरीकडे शारदा कालवा, आणि मधून रायबरेलीकडे जाणारा रहदारीचा रस्ता. त्याच रस्त्याने पुढे गेले की संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था लागते. तिला तिकडे सगळे नुसते पी.जी.आय. म्हणतात. घर घेताना हे रुग्णालय जवळ आहे याचा दाजींनी विचारही केला नव्हता. पुढे त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली.

ज्यांच्या घरी हा आजार आला असेल त्यांना सांगायला नको. आठवड्यातून तीन वेळा, दर खेपेस सुमारे चार तास, माणसाचे रक्त यंत्रातून गाळून पुन्हा शरीरात सोडतात. पाणी मोजून प्यायचे. नारळपाणी नाही, केळे नाही, मीठ बेताचे. मधल्या दिवशी अंगाला सूज आणि यंत्रावरून उठल्यावर गळून गेलेला देह. अक्का आपले मूत्रपिंड द्यायला तयार होती, पण तिला मधुमेह असल्यामुळे डॉक्टरांनी ते घेण्यास नकार दिला. अशा स्थितीत नाताळानंतरच्या आठवड्यात मी तेलीबागेत पोहोचलो.

मी मंडळीचा सेवक. आजाऱ्याच्या खाटेजवळ काय बोलावे हे मला ठाऊक आहे असा माझा समज होता. पहिल्याच रात्री मी दाजींच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली. मन भरून आले, शब्दांना जोर चढला, आणि प्रार्थना संपताच मी अक्काला म्हणालो, ‘‘देवाने मला खात्री दिली आहे. येत्या ईस्टरपर्यंत दाजी यंत्रावरून उठतील.’’

अक्का रडली. दाजी मात्र हसले आणि म्हणाले, ‘‘पाळकसाहेब, मी रेल्वेचा माणूस. वेळापत्रक छापणारे खाते वेगळे असते.’’

ईस्टर आला आणि गेला. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात दाजी प्रभूमध्ये निजले. दफनानंतर चौथ्या दिवशी, आलेली माणसे परत गेल्यावर, आम्ही भावंडे रात्रीच्या प्रार्थनेला बसलो. राज्य येण्याच्या विनंतीपाशी मी पोहोचलो आणि थांबलो. अक्का शांतपणे म्हणाली, ‘‘तू देवाच्या नावाने तारीख दिलीस. त्याने दिली नव्हती. ते गेले याचं दुःख मला सोसता येईल. पण वर्षभर मी रोज देवाला खोटं ठरवत होते, ते तुझ्यामुळं.’’

वाचकहो, या शब्दांवर मला उत्तर नव्हते, आजही नाही. पण त्या रात्रीपासून मी स्वतःला एक प्रश्न विचारीत आलो आहे. आपण ख्रिस्ती लोक जिला आशा म्हणतो ती नेमकी कशाची आशा? आणि देव राज्य करतो असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा त्याने आपल्याला काय देण्याचे कबूल केले आहे?

दहा कुमारींचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. त्यावर प्रवचन करताना आपण पाच शहाण्या आणि पाच मूर्ख असा हिशोब मांडतो आणि झोपू नका, जागे राहा, असा उपदेश करून मोकळे होतो. पण दाखला नीट वाचून पाहा. झोप दहाही जणींना लागली. डुलकी घेतल्याबद्दल प्रभूने कोणालाच दोष दिला नाही. दिवे दहाही जणींकडे होते, आणि वराची वाटही दहाही जणींनी पाहिली. फरक एवढाच की पाच जणींनी वराला उशीर होऊ शकतो हे गृहीत धरले होते. मूर्खांचा वराच्या येण्यावर विश्वास नव्हता असे नाही. तो आपल्या अंदाजाप्रमाणे येईल असा त्यांचा विश्वास होता. दिव्यात मावेल तेवढ्याच तेलाची त्यांची आशा होती.

मी तेलीबागेत अक्काला दिली ती याच मापाची आशा होती, ईस्टरपर्यंत पुरेल एवढी.

दाजींचे वडील दौंड–मनमाड मार्गावरील एका स्थानकावर लॅम्पमन होते. ही नोकरी आता रेल्वेत दिसत नाही, म्हणून तरुण वाचकांसाठी सांगतो. विजेचे सिग्नल येण्यापूर्वी सिग्नलच्या उंच खांबावर रॉकेलचा दिवा असे. लॅम्पमनने शिडीवर चढून काच पुसायची, वात कातरायची, तेल भरायचे आणि दिवा लावून उतरायचे. पाऊस असो, वारा असो, यात खंड नाही. दाजी सांगत की त्यांच्या वडिलांना गाडी किती उशिरा धावत आहे याची कित्येकदा माहितीही नसे. त्यांना कोणी ते विचारतही नसे. दिवा लागला की नाही, एवढेच त्यांना विचारले जाई.

हे ऐकल्यापासून मला विश्वासूपणा या शब्दाचा अर्थ अधिक कळू लागला. गाडी वेळेवर आणणे आपल्याकडे सोपवलेले नाही. आपल्याकडे दिवा सोपवला आहे. आणि गाडी येणार या आशेवाचून कोणी रात्रीबेरात्री शिडी चढत नाही, हेही तितकेच खरे. आशा नसेल तर विश्वासूपणा लवकरच नुसती हजेरी होऊन जातो. विश्वासूपणा नसेल तर आशेला स्वप्नरंजनाचे रूप येते.

आता दुसऱ्या शास्त्रपाठाकडे वळू. तेलीबाग या नावाचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही: तेल्यांची बाग. पी.जी.आय.च्या आवारात दाजींची वाट पाहत बसलो असताना एके दिवशी माझ्या ध्यानात आले की आपल्या तारणाच्या इतिहासातही अशीच एक बाग आहे. गेथशेमाने या नावाचा मूळ अर्थ तेलाचा घाणा. किद्रोनच्या ओहळापलीकडे तेथे बाग होती असे योहान सांगतो. जैतुनाच्या झाडांमध्ये, फळे चिरडून तेल काढण्याच्या जागी, आपला प्रभू त्या रात्री पालथा पडून प्रार्थना करीत होता.

त्या प्रार्थनेत एक गोष्ट आहे, जिच्याकडे माझे कित्येक वर्षे लक्ष गेले नव्हते. मत्तयाच्या सव्विसाव्या अध्यायात दुसऱ्यांदा प्रार्थना करताना येशू पित्याच्या इच्छेप्रमाणे होण्याविषयी जे शब्द उच्चारतो, तेच शब्द मूळ ग्रीक भाषेत सहाव्या अध्यायातील प्रभूच्या प्रार्थनेत आहेत. म्हणजे डोंगरावर शिष्यांना शिकवलेली प्रार्थना गुरूने या बागेत स्वतः म्हटली, आणि रक्ताच्या थेंबांसारख्या घामाने भिजून म्हटली. राज्य येण्याची विनंती आणि इच्छा पूर्ण होण्याची विनंती या दोन्ही त्या प्रार्थनेत शेजारी शेजारी आहेत. पहिलीचे उत्तर ज्या वाटेने आले ती वाट दुसरीतून गेली.

त्या रात्री देव राज्य करीत होता काय? मशाली घेऊन शिपाई आले. मित्राने मुका घेऊन धरून दिले. शिष्य पळाले. डोळ्यांना दिसणाऱ्या कोणत्याही पुराव्यावरून पाहिले तर त्या बागेत कैफा राज्य करीत होता, पिलात राज्य करीत होता, अंधार राज्य करीत होता. प्याला दूर करण्याची विनंती पुत्राने केली आणि प्याला दूर झाला नाही. तरीही आपण सारे ख्रिस्ती जन साक्ष देतो की देवाचे राज्य त्या रात्री जितके जवळ आले तितके पूर्वी कधी आले नव्हते.

मग कोणाच्या खाटेजवळचा प्याला दूर झाला नाही म्हणून तेथे देवाचे राज्य नाही, असा निष्कर्ष आपण कोणत्या आधारावर काढतो? आणि याहून वाईट म्हणजे, प्याला दूर झाला नाही तर आजाऱ्याच्याच विश्वासात खोट आहे असे सांगण्याचे धाडस काहींना कोठून होते? अलीकडे आरोग्यसभांची चित्रफलके गावोगाव लागतात. देव आजही बरे करतो, यावर माझा विश्वास आहे. पण मंडपातून बरे न होता घरी परतणाऱ्या माणसाबरोबर त्याच्या घरापर्यंत कोण जातो? मी दुसऱ्यांना दोष देत आहे असे कोणी समजू नये. मी फलक लावला नव्हता इतकाच माझा त्यांच्याहून फरक.

बाबेलच्या भट्टीसमोर उभ्या असलेल्या तीन तरुणांचे उत्तर दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. आमचा देव आम्हांला सोडवण्यास समर्थ आहे असे ते राजाला सांगतात, आणि लगेच पुढे सांगतात की त्याने सोडवले नाही तरीही आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. या उत्तराचा पूर्वार्ध मी कितीतरी वेळा प्रवचनाला घेतला आहे. उत्तरार्धावर एकदाही बोललो नव्हतो.

दाजींच्या आजारपणात एका रविवारी अक्काने मला लालबागच्या मेथडिस्ट उपासनामंदिरात नेले. लखनौतील ख्रिस्ती कार्याचा मोठा भाग या परिसरात वाढला. इझाबेला थोबर्न यांनी १८७० मध्ये अमीनाबादच्या बाजारात सहा मुलींना घेऊन शाळा सुरू केली, तिचे पुढे महाविद्यालय झाले आणि आजही ते त्यांच्या नावाने चालते. पण त्या दिवशी बाकावर बसून मी विचार करीत होतो तो डॉ. ई. स्टॅन्ली जोन्स यांचा. १९०७ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते अमेरिकेहून याच लालबागच्या मंडळीचे पाळक म्हणून आले.

जोन्स यांची कीर्ती आपल्याकडील जुन्या वाचकांना परिचित आहे. सत्ताल येथील आश्रम, सर्व धर्मांच्या विचारवंतांबरोबर घेतलेल्या गोलमेज परिषदा, महात्मा गांधींशी असलेला स्नेह, १९२८ मध्ये बिशप म्हणून निवड झाल्यावर दुसऱ्याच दिवशी दिलेला राजीनामा, या गोष्टी पुष्कळांनी लिहिल्या आहेत. मला येथे त्यांच्या आयुष्यातील दुर्बळपणाच्या वेळा आठवायच्या आहेत.

पहिल्या आठ-साडेआठ वर्षांतच हे तरुण पाळक पार मोडून गेले. कामाचा भार झेपेना, मन खचले, मायदेशी विश्रांतीला पाठवले तरी प्रकृती सुधारेना. परत आल्यावर लखनौलाच, एकदा प्रार्थनेत असता, देव आपल्याला विचारीत आहे असे त्यांना जाणवले : मी सोपवलेल्या कामासाठी तू तयार आहेस काय? त्यांनी उत्तर दिले की नाही, माझी शक्ती संपली आहे. तेव्हा हे ओझे माझ्यावर टाक आणि काळजी सोड, असे त्यांना सांगण्यात आले, आणि त्यांनी तो सौदा तेथेच पुरा केला. आपली शक्ती संपली हे कबूल केल्यावर त्यांची सेवा खऱ्या अर्थाने सुरू झाली. मनाने खचलेल्यांसाठी त्यांनी १९५० मध्ये लखनौलाच नूर मंझिल हे मानसोपचार केंद्र सुरू केले. विश्वासू माणसाचे मन आजारी पडत नाही, असे मानणाऱ्या आपल्या मंडळ्यांनी ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

दुसरा प्रसंग १९३४ मधील. जोन्स रशियात गेले होते. देवाला वगळून नवा समाज उभारण्याचा तो प्रचंड उत्साह पाहून ते हादरले. आपण देवाच्या राज्याच्या गोष्टी करतो, आणि ही माणसे त्याच्याशिवाय आपले राज्य उभे करीत आहेत! मॉस्कोमध्ये सकाळच्या मननाच्या वेळी त्यांना इब्री पत्रातील दोन वचने जणू प्रथमच दिसली. एक, आपल्याला मिळत असलेले राज्य हलवता येण्याजोगे नाही हे; आणि दुसरे, येशू ख्रिस्त काल, आज व युगानुयुग तोच आहे हे. न डळमळणारे राज्य आणि न बदलणारी व्यक्ती. उरलेले सारे आयुष्य त्यांनी या दोन वचनांवर बांधले. त्या वेळी अभेद्य वाटणारे ते सोव्हिएत राज्य १९९१ मध्ये विसर्जित झाले, हे पाहायला जोन्स जिवंत नव्हते. तसे झाले नसते तरी ते वचन खोटे ठरले नसते, हेही येथे म्हटले पाहिजे. राज्ये पडली म्हणून आपण टाळ्या पिटाव्यात असे इब्री पत्र सांगत नाही. कृतज्ञतेने व आदरयुक्त भयाने उपासना करावी असे ते सांगते.

आणि तिसरा प्रसंग. डिसेंबर १९७१ मध्ये, सत्त्याऐंशी वर्षांचे असताना, जोन्स यांना पक्षाघात झाला. ज्या वाणीने हजारो सभा जिंकल्या ती अडखळू लागली. चालता येईना, लिहिता येईना. न डळमळणाऱ्या राज्यावरील त्यांचा ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या ग्रंथाच्या लेखकाला धड चालताही येत नव्हते. त्यांनी बरे होण्याची आशा सोडली नाही. ख्रिस्ताच्या नावाने ऊठ व चाल, हे पेत्राचे शब्द शुश्रूषा करणाऱ्यांकडून ते स्वतःला ऐकवून घेत. मात्र बरे होण्यावर त्यांनी आपला विश्वास टांगला नव्हता. १९७२ मध्ये ते भारतात परतले. अडखळत्या जिभेने ध्वनिफितीवर बोलून त्यांनी शेवटचे पुस्तक सांगितले. देवाची सर्व वचने ख्रिस्ताच्या ठायी होकार आहेत, या पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या साक्षीवर ते आधारलेले आहे. २५ जानेवारी १९७३ रोजी बरेली येथे त्यांनी देह ठेवला, आणि पुस्तक १९७५ मध्ये बाहेर आले. शरीर सर्व बाजूंनी नकार देत असताना एका म्हाताऱ्याने होकारावर पुस्तक सांगितले! ही आशा दिव्यातल्या तेलापुरती नव्हती.

आपल्या मराठी मंडळीला अशा साक्षीसाठी लखनौपर्यंत जाण्याची खरे तर गरज नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा संकल्प केला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले असे सारे ख्रिस्तभक्त या दरबारात एकत्र बसावेत, अशी त्यांची आकांक्षा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. दरबाराने मूळ धरण्याआधीच त्याचा प्रवर्तक गेला. त्यांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ही अपुरेच राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. १९३६ मध्ये त्याही गेल्या. मग पुत्र देवदत्त यांनी ते पूर्णत्वास नेले. आता सांगा, टिळकांची आशा फसली काय? माणसाच्या हिशोबात दरबार फसला. पण दरबाराचा राजा कोण, हे ज्याला नीट ठाऊक आहे त्याला आपले काम अपुरे ठेवून मरता येते. इब्री पत्राच्या अकराव्या अध्यायातील सगळी नावे अशाच लोकांची आहेत. वचनफळ हाती न येता, दुरून त्याला वंदन करून ते गेले.

प्रिय वाचकहो, आशेविषयी बोलताना आपल्यातील दुसऱ्या एका चुकीचाही उल्लेख केला पाहिजे. काहींनी देवाच्या राज्याला तारीख दिली, तर काहींनी ते पार मृत्यूपलीकडे ढकलून दिले. स्वर्गात गेल्यावर पाहू, असे म्हणून येथील कारभार त्यांनी जगाच्या रीतीने चालू ठेवला. मंडळीच्या जमिनीचे व इमारतींचे दावे वर्षानुवर्षे न्यायालयात पडून आहेत. एकाच प्रभुभोजनाच्या मेजाभोवती उभे राहणारे दोघे दुसऱ्या दिवशी वकिलांमार्फत बोलतात. कचेरीत फाइल पुढे सरकवण्यासाठी पाकीट घेणारा ख्रिस्ती कारकून रविवारी राज्य येण्याची विनंती इतरांच्या बरोबरीने करतो. ती विनंती मान्य झाली आणि राजा सोमवारी सकाळी त्याच्या मेजासमोर येऊन उभा राहिला तर? आपण ज्या राज्याची वाट पाहतो त्याचे कायदे आज पाळत नसू, तर आपण वाट पाहतो असे म्हणणे व्यर्थ आहे.

यिर्मयाने बाबेलातील बंदिवानांना पत्र लिहिले, त्यात दोन्ही चुकांवर औषध आहे. बंदिवान दोन वर्षांत परत येतील असे हनन्या नावाचा संदेष्टा यरुशलेमेत सांगत होता. त्यानेही तारीख दिली होती. यिर्मयाने कळवले की घरे बांधा, बागा लावा, त्यांची फळे खा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. परत जाण्याचे वचन खरे आहे, पण तोवर सत्तर वर्षे आहेत. बाग लावणारा आणि वचनाची वाट पाहणारा हा एकच माणूस आहे.

तेलीबागेत मी असा माणूस पाहिला. दाजींना स्वतःला दिवसाकाठी अर्धा कप चहाची मुभा होती. तरी रुग्णालयाच्या दिवशी ते अक्काकडून मोठा थर्मास भरून चहा घेत. बाहेर व्हरांड्यात, झाडाखाली, गोंडा, बहराइच, बलिया अशा दूरच्या जिल्ह्यांतून आलेली माणसे चादर अंथरून बसलेली असत. त्यांचे रुग्ण आत. खिशात परतीच्या भाड्याएवढेच पैसे. दाजी यंत्रावर जाण्यापूर्वी कागदी पेल्यांतून त्यांना चहा देत. अंगात त्राण नसे त्या दिवशी अक्का देई आणि दाजी बाकावर बसून कोण राहिले ते बोटाने दाखवीत. मी एकदा त्यांना म्हणालो की ही साक्ष देण्याची चांगली संधी आहे, चहाबरोबर शुभवर्तमानाची पत्रके वाटू. दाजी म्हणाले, ‘‘वाटा की. पण आधी चहा पिऊ द्या. रात्रभर जागलेत ते.’’ मी पत्रके पिशवीतच ठेवली. त्यांतल्या एका बाईने पुढे आपणहून विचारले की तुम्ही हे कशासाठी करता. दाजींनी तिला आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत पाच मिनिटांत सगळे सांगितले. माझ्या अर्ध्या तासाच्या प्रवचनात मावले नसते ते त्यात होते.

ईस्टरच्या त्या दिवशी, म्हणजे माझी तारीख उलटली त्या दिवशी, मी नगरहून दूरध्वनी केला. क्षमा मागावी की सांत्वन करावे हे मला कळेना. दाजींनीच विषय काढला. म्हणाले, ‘‘पाळकसाहेब, कबर रिकामी आहे ना? मग आमचं काय व्हायचं ते होईल.’’ त्या वेळी मला वाटले की ते माझी समजूत घालीत आहेत. आता कळते की त्यांनी मला ख्रिस्ती आशेची सीमा आखून दिली होती. आपली आशा आपल्या आजाराच्या निकालावर उभी नाही. ती दुसऱ्या एका निकालावर उभी आहे, आणि तो निकाल यरुशलेमेबाहेरच्या बागेत, शिळा लोटलेल्या कबरेपाशी, लागून गेलेला आहे. म्हणूनच आपण बरे होण्यासाठी प्रार्थना करू शकतो, डॉक्टरांचे औषध घेऊ शकतो, रडूही शकतो. यांपैकी कशानेही राजा सिंहासनावरून खाली येत नाही.

अक्काला मी नगरला चल म्हणून पुष्कळ सांगितले. ती आली नाही. यंदा उपवासकाळात मी पुन्हा तिच्याकडे गेलो. तिच्या प्रश्नांपैकी पुष्कळ अजून तसेच आहेत, आणि मी त्यांना उत्तरे देण्याचे सोडले आहे. रात्री आम्ही प्रार्थनेला बसलो. राज्य येण्याच्या विनंतीपाशी ती क्षणभर थांबली. मीही थांबलो. मग तिनेच ती म्हटली आणि पुढची, इच्छेची, विनंतीही म्हटली. तिचा आवाज कापत होता.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. पहाटेच स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून मी उठून गेलो. शेजारच्या बाईने आणून दिलेले दूध उकळत होते आणि अक्का चहाची पूड मापाने टाकीत होती. मंगळवारी आणि शुक्रवारी ती अजून पी.जी.आय.च्या व्हरांड्यात जाते, त्या शेजारणीला बरोबर घेऊन. थर्मास तोच आहे. त्याचे झाकण आता सैल झाले आहे आणि चहा वाटेत निवतो, तेव्हा पुढच्या खेपेस येताना चांगला मोठा थर्मास घेऊन ये, असे तिने मला निघताना दोनदा बजावले.